कंपनीनं मला कोच दिलाय, म्हणजे माझं काही चुकतंय का?

एका वाचक दादांचं पत्र आलंय. चांगलं चार पानांचं आहे, इथं थोडक्यात देते. नाव, कंपनी, गाव काढून टाकलंय आणि ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी बदलल्यात.

दादांचं वय ४१. बीड जिल्ह्यातले, वडील ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होते. हे होस्टेलवर राहून शिकले, संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधून टूल अँड डायचा (पत्र्याचे पार्ट काढायचे साचे बनवायचा) डिप्लोमा केला आणि वाळूजमधल्या एका प्रेस पार्टच्या कंपनीत लागले, त्याला आता अठरा वर्षं झाली. वर्षभरापूर्वी टूल रूम हेडचे ऑपरेशन्स हेड झाले. प्रेस शॉप, वेल्ड शॉप, टूल रूम, मेंटेनन्स, डिस्पॅच असं सगळं मिळून तीनेकशे माणूस हाताखाली. मागच्या महिन्यात एचआरनं बोलावून सांगितलं की तुम्हाला सहा महिन्यांसाठी एक्झिक्युटिव्ह कोच (मॅनेजर लोकांशी बोलून, प्रश्न विचारून त्यांना कामात सुधारायला मदत करणारा माणूस) दिलाय, पुण्याच्या एक मॅडम आहेत, दर पंधरा दिवसाला एक तास व्हिडिओ कॉल. त्याआधी नऊ जणांकडून दादांबद्दल थ्री सिक्स्टीचा फॉर्म (वरच्या, बरोबरीच्या आणि हाताखालच्या माणसांचं मत घेणारा) भरून घेतला होता. रिपोर्टमध्ये आलं की सगळं स्वतः करतात, खालच्याला निर्णय घेऊ देत नाहीत, मीटिंगमध्ये गप्प असतात.

दादा लिहितात, "ताई, अठरा वर्षात माझ्यामुळं लाईन एक दिवस थांबली नाही. आता मला शिकवायला बाई आणल्यात ज्यांनी आयुष्यात डाय उघडून बघितली नसेल. मला काढायच्या आधीची ही तयारी आहे का? का मला इंग्रजी येत नाही म्हणून करायलेत हे? तसं असेल तर कोचपेक्षा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावून द्या म्हणू का? आणि त्या मॅडमला जे सांगीन ते साहेबापर्यंत जाणारच, मग बोलायचं तरी काय? सरळ नाही म्हणू का? बायकोला अजून सांगितलं नाही, तिला वाटेल नोकरी जायली."

दादा, नमस्कार.

पत्र दोनतीनदा वाचलं मी. मी स्वतः बरीच वर्षं वाळूजच्या कंपन्यांमधे एचआरला होते त्यामुळं तुम्ही लिहिलेली ती केबिन, ती खुर्ची, आणि "थोडं बसा, एक चांगली बातमी आहे" म्हणणारा तो माणूस, हे सगळं मला डोळ्यासमोर दिसलं. बातमी सांगणाऱ्याला चांगली वाटते आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. कारण आपल्याकडं शिकवणी कुणाला लावतात, तर जो नापास व्हायलाय त्याला. हुशार पोराला शिकवणी लावायची पद्धत लातूरनं पाडली खरी पण ती दहावी-बारावीपुरती, नोकरीत अजून आपण तसा विचार करत नाही.

आधी नोकरीच्या भीतीचं बोलू, कारण ती डोक्यात असेपर्यंत बाकीचं काही आत शिरणार नाही. ज्या माणसाला काढायचंय त्याच्यावर कंपनी शक्यतो कोचचा खर्च करत नाही, कोचची फी कमी नसते. काढायचं असलं की वेगळा कागद येतो, पीआयपी म्हणतात ते, परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, त्यात टार्गेट लिहिलेलं असतं, तारीख असते, सही घेतात आणि नाही जमलं तर काय ते बी लिहिलेलं असतं. तुम्हाला असा कागद आलेला नाही. पण मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही, काही ठिकाणी "आम्ही सगळे प्रयत्न केले" हे दाखवायला सुद्धा कोच देतात, मी पाहिलंय. म्हणून अंदाज बांधत बसू नका, साहेबाला जाऊन विचारा. शब्द असे ठेवा: "सर, सहा महिन्यानं माझ्यात काय बदललेलं दिसलं तर तुम्ही म्हणाल की हे कामाचं झालं?" जो साहेब तुम्हाला पुढं न्यायचं म्हणतोय तो याचं काहीतरी ठोस उत्तर देईल, जसं की "मला तू कस्टमर मीटिंगला हवाय, पण तू प्रेसवर असतोस." जो नुसतं "अरे कर ना, चांगलं असतं" म्हणून टाळेल, तिथं थोडं सावध राहा. त्याला अजून एकदा विचारा, आणि काय बोलणं झालं ते मेलवर दोन ओळीत लिहून ठेवा.

आता इंग्रजीचं. दादा, तुमच्याच पत्रात तुम्ही लिहिलंय की सकाळची मीटिंग मराठी-हिंदीतच होते. मग तिथं तुम्ही गप्प का असता? नऊ माणसांनी फॉर्म भरला, त्यातल्या एकानंबी इंग्रजीबद्दल लिहिलं नाही, इंग्रजी हा शब्द अख्ख्या पत्रात फक्त तुम्हीच काढलाय. आपल्या भागातल्या, झेडपीच्या शाळेतून आलेल्या माणसाचं हे होतं, कुठं बी काही कमी पडलं की आपण ते इंग्रजीच्या खात्यावर मांडून मोकळे होतो. त्यात थोडा आराम बी असतो, कारण इंग्रजी न येणं ही आपली चूक नाही, परिस्थितीची आहे. क्लास लावायचा तर लावा, कस्टमरच्या ऑडिटला, मेलला उपयोग होईल, पण तो कोचच्या बदल्यात मागू नका. तुम्ही मीटिंगमध्ये गप्प असता कारण मला वाटतं तुमचं शरीर तिथं असतं आणि कान प्रेस शॉपकडं असतात. चुकीची असेन तर सांगा.

तुम्ही त्या रात्रीची गोष्ट लिहिलीय. रात्री दोनला फोन, ब्रॅकेटच्या टूलचा पंच (साच्यातला पत्रा कापणारा भाग) तुटला, सकाळी सहाला गाडी निघायची होती, तुम्ही बजाजनगरहून गाडी काढली, जाऊन स्पेअर पंच बसवला, ट्रायल घेतली, बर (कापलेल्या कडेला राहणारी धार) बघितली, पार्ट ओके, तासाभरात लाईन चालू. वाचताना मला तुमचा अभिमानच वाटला. हाताला गुण असणं काय असतं ते टूल रूममधे काम केलेल्या माणसालाच कळतं, आवाजावरून सांगतात की क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) गेलाय. पण मग मी थांबले आणि त्या गोष्टीतला दुसरा माणूस शोधला. तुम्ही एका ओळीत लिहिलंय, "आमचा टूल रूमचा इंजिनिअर होता तिथं, त्यानं बॅटरी धरली." सहा वर्षं झालेला इंजिनिअर रात्री दोनला बॅटरी धरून उभा होता. का, तर स्पेअर पंचाच्या कपाटाची चावी तुमच्याकडं होती. हे बी तुम्हीच लिहिलंय, अगदी सहज.

त्या चावीबद्दल जरा विचार करा. टूल रूम हेड असताना ती तुमच्याकडं असणं बरोबर होतं. पद बदललं, केबिन बदलली, चावी खिशातच राहिली. आणि त्या पोरानं त्या रात्री काय शिकलं असेल, तर पंच तुटला की फोन करायचा. पुढच्या वेळी तो दोनला नाही, दीडलाच फोन करील. तुम्हाला वाटतं की माणसं तयार नाहीत म्हणून मला जावं लागतं. मला भीती अशी आहे की तुम्ही जाता म्हणून माणसं तयार होत नाहीत. त्याला तुम्ही एकटे जबाबदार नाहीत, कंपनीनं अठरा वर्षं याच गोष्टीसाठी तुमची पाठ थोपटलीय, इन्क्रीमेंट दिलंय, आणि आता एकदम थ्री सिक्स्टी काढून म्हणते की सगळं स्वतः करतो. हा राग तुम्हाला यायचा हक्क आहे.

वडिलांचं एक विचारते. ते मुकादम व्हायच्या आधी स्वतः कोयता चालवत असतील ना? बहुतेक मुकादम तसेच वर येतात. मुकादम झाल्यावर फडात कुणाचं काम मागं राहिलं, कुणाचं लेकरू आजारी पडलं तर त्यांनी हातात कोयता घेतला असेल एखाद्या दिवशी. पण रोजच त्यांनी कोयता घेतला असता तर उद्या कोणता फड आहे, गाडी वेळेवर लागली का, मोळ्या किती झाल्या, काट्यावर वजन बरोबर धरलं का, कारखान्याच्या चिटबॉयशी (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याशी) कोण बोलणार, उचलीचा हिशोब कोण ठेवणार, हे सगळं कुणी बघितलं असतं? मुकादमकीच्या धंद्यात वाईट बी लई काही आहे, ते मला माहीत आहे, तो वेगळा विषय. पण काम बदललं की हात कुठं ठेवायचे ते बदलतं, हे तुम्ही लहानपणी फडाच्या कडेला बसून पाहिलेलं आहे. वडिलांना फोन करून विचारा की कोयता सोडल्यावर पहिल्या वर्षी त्यांना कसं वाटलं होतं. माझ्या अंदाजानं ते म्हणतील, रिकामं रिकामं वाटायचं. तुम्हाला बी तेच व्हायलंय, मीटिंगमध्ये बसलं की काम केल्यासारखं वाटतच नसणार.

मग त्या मॅडम, ज्यांनी डाय उघडून बघितली नाही. हा प्रश्न बरोबर आहे, मी तो उडवून लावणार नाही. अमेरिकेतले नावाजलेले सर्जन अतुल गावंडे, त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. सर्जन म्हणून आठ वर्षं झाल्यावर त्यांना वाटलं की आपली प्रगती एका जागी थांबलीय, तर त्यांनी आपल्या एका निवृत्त सरांना ऑपरेशन थिएटरमध्ये नुसतं बघायला उभं केलं. २०११ ला त्यांनी हे लिहिलं. ऑपरेशन चांगलंच झालं होतं, तरी सरांनी कागद भरून गोष्टी काढल्या, दिवा जखमेवरून सरकला होता ते लक्षात आलं नाही, कोपर उगीच वर जातं, कापड असं लावलंय की तुम्हाला सोयीचं पण समोरच्या असिस्टंटला हात घालायला जागा नाही. बघा, तिसरी गोष्ट तुमच्या बॅटरी धरणाऱ्या पोराचीच आहे.

तुम्ही म्हणाल ते सर स्वतः सर्जन होते. खरंय. मग दुसरं ऐका. या कोचिंगचा पाया घालणाऱ्यातले एक जॉन व्हिटमोर, हे आधी रेसिंग ड्रायव्हर, १९६१ ला मिनी गाडी पळवून ब्रिटनची सलून कार स्पर्धा जिंकलेले. ते टिमोथी गॉलवे या टेनिस शिकवणाऱ्या माणसाच्या पद्धतीवर काम करायचे. व्हिटमोर सांगायचे की एकदा टेनिसला शिकवणारी माणसं कमी पडली तर त्यांनी बर्फावरचं स्कीइंग शिकवणारे उभे केले, त्यांना टेनिस येत नव्हतं, तरी खेळाडूंचं काम तितकंच चांगलं झालं. कारण जे येत नव्हतं ते त्यांना शिकवता येईना, म्हणून ते नुसतं विचारत राहिले, की चेंडू कुठं पडला, तू कुठं बघत होतास. मॅडमला डाय येत असती तर तुम्ही दोघं पूर्ण तास क्लिअरन्सवर बोलला असता आणि तुम्हाला लई बरं वाटलं असतं. डायमधे तुम्हाला शिकवणारं वाळूजमधे कोण आहे आता? तुमचं नवं काम माणसांचं आहे, त्यात तुम्ही वर्षभराचे नवीन आहात.

गुप्ततेचं तुम्ही विचारलंत, त्यावर मला माझं एक सांगायचंय. एका कंपनीत मी एचआर मॅनेजर असताना एका प्रोडक्शन मॅनेजरला कोच दिला होता. दोनतीन महिन्यानं वरच्या साहेबांनी मला विचारलं, काय म्हणतो तो कोचला? आणि मी कोचला फोन करून विचारलं. कोचनं बी सांगितलं, सगळं नाही, थोडंच, की त्यांना साहेबांची भीती वाटते. ते थोडंच फिरत फिरत त्या माणसापर्यंत पोचलं. त्यानं पुढची सगळी सेशन केली, वेळेवर यायचा, हसून बोलायचा, आणि एक शब्द खरा बोलला नाही. चूक माझी होती, मी विचारायला नको होतं. त्यानंतर मी कुठल्याबी कोचिंगच्या आधी तिघांची मीटिंग घ्यायला लागले, आणि तुम्ही बी तीच मागा.

तिघं म्हणजे तुम्ही, साहेब आणि कोच. एचआर बसली तर बसू द्या. पहिल्या सेशनच्या आधीच. त्यात स्पष्ट करून घ्या की साहेबाला काय कळणार. सहसा एवढंच ठरतं: किती सेशन झाली, कोणत्या एकदोन गोष्टींवर काम चालू आहे, आणि मधे व शेवटी प्रगती कशी, ती पण तुमच्या समोर बसून. तुम्ही काय बोललात, कुणाबद्दल बोललात, ते बाहेर नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन म्हणून संस्था आहे, आयसीएफ, १९९५ ला सुरू झालेली, तिच्या आचारसंहितेत हेच आहे की पैसे देणारी कंपनी आणि कोचिंग घेणारा माणूस दोघांशी माहितीबद्दल आधी स्पष्ट करार पाहिजे. मॅडमला बिनधास्त विचारा की तुमच्याकडं आयसीएफचं कोणतं क्रेडेन्शियल आहे. त्यात तीन पायऱ्या आहेत. एसीसीला ६० तास ट्रेनिंग आणि १०० तास कोचिंगचा अनुभव, पीसीसीला १२५ आणि ५००, एमसीसीला २०० आणि २५००. सर्टिफिकेट असलं म्हणजे माणूस चांगलाच असतो असं नाही, पण विचारल्यावर कोण कसं उत्तर देतं त्यावरून बरंच कळतं. आणि भाषेचं बी त्याच मीटिंगमधे सांगा, मला मराठीत बोलायचंय. पुण्याच्या मॅडम आहेत, अडचण यायची नाही.

सहा महिने म्हणजे बारा-तेरा तास फक्त, हे लक्षात घ्या. एवढ्यात माणूस अख्खा बदलत नाही, एक सवय बदलली तरी पुष्कळ झालं. मॅडम बहुतेक ग्रो नावाच्या पद्धतीनं जातील, व्हिटमोर आणि त्यांच्या सोबत्यांचीच ती: काय हवंय, आत्ता खरं काय चाललंय, कोणते रस्ते आहेत, आणि त्यातलं तुम्ही नक्की काय करणार. शेवटच्या प्रश्नाला "प्रयत्न करीन" म्हणू नका, तारीख सांगा.

तुमची एक सवय मी सुचवते, पटली तर घ्या. रात्रीचा पहिला फोन तुम्हाला यायचा नाही. टूल रूमच्या इंजिनिअरला चावी द्या, नुसती देऊ नका, शिफ्टच्या माणसांसमोर द्या. त्याच्याशी बसून ठरवा की कशात तो स्वतः निर्णय घेणार, आणि कशात तुम्हाला उठवणार. माणसाला लागलं, आग लागली, किंवा कस्टमरची लाईन थांबायची वेळ आली तर कितीबी वाजता फोन, बाकी सगळं सकाळी सांगायचं. पहिल्या महिन्यात त्याच्याकडून एखादा लॉट बिघडेल. बिघडेलच. त्या सकाळी तुम्ही त्याच्याशी काय बोलता त्यावर सगळं आहे, कारण अख्खं प्रेस शॉप कान देऊन ऐकणार आहे. "मी असतो तर" हे शब्द त्या दिवशी तोंडातून जाऊ देऊ नका. त्याला विचारा, काय दिसलं, काय केलं, पुढच्या वेळी काय करशील, आणि मग गप्प बसा. गप्प बसणं तुम्हाला येतं, फक्त मीटिंगमधलं तिकडून काढून इकडं आणायचंय! मीटिंगमधे मात्र रोज एक गोष्ट बोलायची, आधी डायरीत लिहून न्यायची, प्रेस सोडून दुसऱ्या डिपार्टमेंटची.

आणि त्या नऊ जणांचं. कुणी काय लिहिलं असेल ते शोधत बसू नका, तुम्ही शोधायलात असं पत्रावरून वाटलं मला. मार्शल गोल्डस्मिथ नावाचे एक मोठे कोच आहेत, त्यांची एक साधी रीत मला आवडते. झालेल्याबद्दल विचारायचंच नाही. चारपाच जणांना गाठून म्हणायचं, "मी माणसांना निर्णय घेऊ द्यायचं शिकायलोय, पुढं मी काय करू, दोन गोष्टी सांगा." ते सांगतील, तुम्ही फक्त थँक्यू म्हणायचं. पण-परंतु नाही, खुलासा नाही. दीडदोन महिन्यानं परत त्याच माणसांना विचारायचं, काही फरक वाटतोय का. पहिल्यांदा विचारताना जड जाईल, विशेषतः ज्याला तुम्ही स्वतः हाताला धरून शिकवलं त्याला विचारताना.

सरळ नाही म्हणू का, असं विचारलंत. आत्ता नको. दोन-तीन सेशन करून बघा, आणि त्या मॅडमशी सूर जुळला नाही तर कोच बदलून मागा, ते मागता येतं, त्यात कमीपणा नाही. मात्र झोप उडालीय असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते मला सोडवत नाही. कोच हा डॉक्टर नव्हे. पंधरा दिवस झोप नसेल, छाती धडधडत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, किंवा मानसिक त्रासासाठी सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

तुमच्यासारखी बरीच पत्रं येतात मला, जालन्याच्या स्टीलवाल्यांची, लातूरच्या डाळमिलमधे सुपरवायझरचे मॅनेजर झालेल्यांची, आणि त्यांना कंपनी कोच देत नसते. काही जण विचारतात की स्वतःच्या खिशातून लाखभर रुपये भरू का. भरू नका, कर्ज काढून तर अजिबातच नको. कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडं कुठलं लायसन लागत नाही, कुणीबी बोर्ड लावतो, आणि "तीन महिन्यात पगार डबल" म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा. त्यापेक्षा तुमच्या लाईनमधून रिटायर झालेला, तुमच्या साहेबाशी काही देणंघेणं नसलेला एक माणूस शोधा. महिन्यातून एकदा चहाला बसा. त्यांना सल्ला मागू नका, सांगा की मला फक्त प्रश्न विचारा, आणि मागच्या वेळी मी जे करीन म्हणालो होतो ते केलं का ते विचारा. एवढं करणारा माणूस मिळाला तर निम्मं काम झालं.

राहिलं वहिनींचं. दादा, त्यांना आजच सांगा. रात्री दोनला तुम्ही निघता तेव्हा दार लावायला उठणारी तीच बाई आहे, अठरा वर्षांपैकी जितकी वर्षं लग्नाला झाली तितकी वर्षं. थ्री सिक्स्टीचा फॉर्म नऊ जणांनी भरला, तिला कुणी दिला नाही. पहिल्या सेशनच्या आधी एकदा जेवण झाल्यावर लेकरं झोपली की तिला विचारा, मी काय सोडायला पाहिजे असं तुला वाटतं, आणि ती बोलत असताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.